पाचवं इंजेक्शन कोण देणार?

रस्त्यावरच्या कुत्र्यांवर उपचार करायला परदेशात जाऊन आले हे कळलं की माणसांचे दोन गट पडतात. पहिला गट 'केवढं मोठं मन गं तुझं' म्हणून गळ्यात पडतो. दुसरा विचारतो, "तिकिटाचे पैसे कोणी दिले?" मला दुसरा गट आवडतो, कारण त्याला उत्तर देता येतं. तिकीट मी काढलं, राहण्याखाण्याचा खर्च मी केला, वर त्या संस्थेला स्वयंसेवकाची म्हणून ठरलेली रक्कमही भरली. आणि हे सगळं निव्वळ भूतदयेपोटी केलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी प्राण्यांच्या दवाखान्यात परिचारिकेचं काम करते. माझ्याकडे येणारी कुत्री पट्ट्यात येतात, लसींचं कार्ड बरोबर आणतात, टेबलावर चढवलं की मालकाच्या काखेत तोंड खुपसतात. मला वेगळी कुत्री बघायची होती. ओळीने नसबंद्या, अळ्यांनी पोखरलेला कान, खरजेने कातडं हत्तीसारखं झालेलं पिल्लू, हे सगळं हाताखालून जायला हवं होतं. थोडक्यात, मी शिकायला गेले.

शिकायला जाण्यात गैर काही नाही असं माझं आजही मत आहे. प्रश्न एवढाच की त्या शिकण्याची फी कोण भरतं. माझ्या खिशातून गेली तर ठीक. कुत्र्याच्या पोटाला चीर देऊन वसूल व्हायला नको.

देशाचं नाव लिहीत नाही. पुढे थोडी कुरकूर करणार आहे, आणि ज्यांच्या अंगणात राहून आले त्यांच्या नावाने कुरकूर करणं बरं दिसत नाही.

पहिल्या सकाळी मी स्वच्छ कपडे घालून ऑपरेशनच्या खोलीबाहेर उभी राहिले. तिथल्या थोरल्या नर्सबाईंनी मला आत घेतलंच नाही. दंडाला धरून मागच्या पडवीत नेलं आणि जमिनीकडे बोट दाखवलं. जमिनीवर चटया अंथरलेल्या, प्रत्येक चटईवर एक कुत्रं आडवं, गळ्यात चिकटपट्टीवर लिहिलेला नंबर. भूल उतरेपर्यंत यांच्याजवळ बसायचं. एवढंच काम. मला वाटलं, नवखी म्हणून बाजूला बसवलं.

तसं नव्हतं. ऑपरेशन चालू असताना जनावराभोवती तीन-चार माणसं असतात. शेवटचा टाका पडला की ती पुढच्या जनावराकडे वळतात, आणि नेमकी तेव्हाच खरी जोखीम सुरू होते. भुलीमुळे दगावणाऱ्या कुत्र्यांपैकी बरीच टेबलावर दगावत नाहीत, ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही तासांत दगावतात. कारणं साधी असतात. अंग गार पडतं. जीभ मागे सरकून श्वास अडतो. उलटी घशात जाते. नसबंदी करताना आतल्या रक्तवाहिनीला मारलेली गाठ सैल झाली तर पोटात रक्त साठत राहतं आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. बाहेर दिसतात फक्त हिरड्या. वरचा ओठ उचलायचा, हिरडीवर अंगठा दाबायचा, सोडायचा, पांढरा पडलेला ठिपका पुन्हा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं. दोन सेकंदांच्या आत रंग भरला तर पुढच्या चटईकडे. नाही भरला, हिरड्याच मुळात फिक्या दिसल्या, तर डॉक्टरांना हाक मारायची, आणि ती मोठ्याने मारायची. हळू आवाजात मारलेली हाक ऑपरेशनच्या खोलीत कोणालाही ऐकू जात नाही हे मला दुपारपर्यंत कळलं होतं.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२ फॅरेनहाइटच्या आसपास. भुलीत ते झरझर उतरतं. पिल्लांचं आणि हडकुळ्या माद्यांचं तर बघता बघता. म्हणून कोमट पाण्याच्या बाटल्या पोटाशी आणि काखेत ठेवायच्या, पण फडक्यात गुंडाळून. शुद्धीतलं कुत्रं चटका बसला की सरकतं, भुलीतलं सरकू शकत नाही, आणि उघड्या बाटलीने भाजलेलं कातडं दोन दिवसांनी सोलून निघतं. भुलीत डोळे उघडे राहतात, पापणी लवत नाही, म्हणून बुबुळ कोरडं पडू नये यासाठी मलम. दर थोड्या वेळाने कूस पालटायची. जीभ ओढून बाजूला ठेवायची. श्वासनळीतली नळी काढायची ती कुत्र्याने गिळल्यासारखं केलं की लगेच. आधी काढली तर श्वास अडण्याची भीती, उशीर केला तर ते नळीच चावणार. केटामिनची भूल उतरताना काही कुत्री पाय मारतात, रडतात, मान हलवत राहतात. नवीन स्वयंसेवक त्या वेळी त्यांना कवटाळायला धावतात. नर्सबाई तिथून सगळ्यांना हाकलायच्या. अंधार, शांतता आणि डोकं आपटू नये म्हणून एक घडी घातलेलं पोतं, एवढंच त्या वेळी लागतं.

मी त्यांच्याशी दिवसभर मराठीत बोलत असे. "ऊठ गं बाई, किती झोपशील." "अरे हो हो, कळलं, दुखतंय." तिथल्या मुलांना त्याची फार मजा वाटायची. कुत्र्यांचं म्हणाल तर सूर सोडून बाकी कशाशीही त्यांना कर्तव्य नव्हतं.

रस्त्यावरच्या कुत्र्याचं ऑपरेशन आणि घरच्या कुत्र्याचं ऑपरेशन यांत शरीर तेच असतं, पण घाव भरायची व्यवस्था वेगळी असते. घरचं कुत्रं दहा दिवसांनी टाके काढायला येतं, गळ्यात प्लास्टिकचं शंकू घालून. रस्त्यावरचं परत येणार नाही. म्हणून चीर जितकी छोटी घेता येईल तितकी घ्यायची, टाके आपोआप विरघळणाऱ्या दोऱ्याचे, आणि वरचा थर कातडीच्या आतून शिवलेला, म्हणजे चाटायला दोरा हाती लागत नाही. भुलीतच कानाच्या टोकाचा छोटा तुकडा कापायचा, म्हणजे नसबंदी झालेली आहे हे लांबूनही दिसतं. ही कापाकापी पाहून बाहेरून आलेल्या लोकांना वाईट वाटतं. पण हा कापलेला कान त्या मादीला पुन्हा जाळ्यात अडकण्यापासून, पुन्हा भूल घेण्यापासून, आणि आधीच नसलेलं गर्भाशय शोधायला कोणी तिचं पोट उघडण्यापासून वाचवतो.

मग तिला जिथून उचललं तिथेच सोडायचं. याबाबतीत तिथला कुत्री पकडणारा माणूस कमालीचा काटेकोर होता. जाळं टाकण्याआधी तो जागेचा फोटो काढायचा, वहीत खूण लिहायचा, आणि नंबरची पट्टी स्वतःच्या हाताने बांधायचा. दोन गल्ल्या पलीकडे सोडलं तरी तिथली टोळी नव्या कुत्र्याला फाडते. आणि रिकामी झालेली जागा फार दिवस रिकामी राहत नाही. उकिरडा आहे, खायला आहे, तर बाहेरून नसबंदी न झालेलं, लस न टोचलेलं दुसरं कुत्रं येतंच. त्या पकडणाऱ्या माणसाला वाचता बेताचंच येत असावं, पण त्याच्या वहीइतकी चोख नोंद मी मोठमोठ्या दवाखान्यांत पाहिलेली नाही.

आता कुरकूर. मधले काही दिवस मी जवळच्याच दुसऱ्या एका ठिकाणी मदतीला गेले होते. तिथे पशुवैद्यकाचं शिक्षण घेणारी परदेशी मुलं यायची, आणि त्यांना जाहिरातीतच सांगितलेलं असायचं की भरपूर ऑपरेशनं हाताने करायला मिळतील. मिळायची. शेजारी अनुभवी सर्जन उभा नसतानाही मिळायची. कसलेल्या हाताला मादीच्या नसबंदीला जेवढा वेळ लागतो त्याच्या तिप्पट-चौपट वेळ ती मुलं घ्यायची, आणि तेवढा वेळ कुत्री भुलीखाली. अंडाशयाला धरून ठेवणारा बंध ताणून सैल करावा लागतो, ती या ऑपरेशनातली सगळ्यांत दुखरी पायरी. तिथे भूल कमी पडली की झोपलेली मादीसुद्धा श्वास जोराने ओढते. ती ओढ मी तिथे फार वेळा ऐकली. मुलं वाईट नव्हती. रात्री रडायचीही. पण स्वतःच्या देशात जे करायला परवाना लागतो, ते दुसऱ्याच्या देशात, मालक नसलेल्या जनावरावर, नुसती फी भरून करता येतं हे कोणाला खटकत नव्हतं. मालक नसणं म्हणजे तक्रार करायला कोणी नसणं. अशा वेळी तर उलट जास्त अनुभवी हात हवा.

बहुतेक देशांत बाहेरच्या पशुवैद्यकाला तिथल्या नोंदणी परिषदेची तात्पुरती का होईना परवानगी लागते. चांगल्या संस्था ती कागदपत्रं महिनोन्‌महिने आधी मागतात, आणि लोक त्यावर वैतागतात. वैतागू नये.

नाकातून रक्त येणारा कुत्रा माझ्या वाट्याला आला तो पहिल्या ठिकाणी परतल्यावर. मध्यम चणीचा, तपकिरी, एका नाकपुडीतून सतत लालसर पाणी, आणि शिंकला की भिंतीवर शिंतोडे. त्याच्या गल्लीतली एक वयस्क बाई त्याला रोज खायला घालायची. तीच त्याला फाटक्या ओढणीच्या टोकाला बांधून चालत घेऊन यायची. त्याला टीव्हीटी झाला होता. हा कुत्र्यांचा संसर्गाने पसरणारा कर्करोग आहे. संसर्ग जंतूंचा नाही, खुद्द कर्कपेशींचाच. संभोगात, चाटण्यात, हुंगण्यात जिवंत पेशी एका कुत्र्यावरून दुसऱ्यावर जातात आणि रुजतात. १८७६ साली नोविन्स्की नावाच्या रशियन पशुवैद्यकाने एका कुत्र्याची गाठ दुसऱ्यात रुजवून दाखवली होती. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात जगभरातल्या ५४६ गाठींची जनुकं तपासली, तेव्हा असा अंदाज निघाला की या सगळ्या गाठी ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी आशियात जगलेल्या एकाच जनावरापासून आलेल्या आहेत. ते जनावर कधीच मेलं. त्याच्या पेशी अजून जगभर फिरताहेत, आणि त्यातल्या काही माझ्या समोरच्या तपकिरी नाकात होत्या. हे कळल्यावर मी त्या कुत्र्याकडे काही वेळ नुसती बघत राहिले, आणि मग त्याने माझ्या अंगावर शिंक दिली.

यावरचं औषध व्हिन्क्रिस्टीन. सदाफुलीपासून मिळतं. आठवड्याला एक इंजेक्शन, साधारण चार ते सहा वेळा, आणि बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. कर्करोगावर इतकं स्वस्त आणि इतकं खात्रीचं औषध माणसांच्याही नशिबी क्वचितच येतं. अट एकच, ते अचूक शिरेतच जायला हवं. थेंबभर बाहेर झिरपलं तरी तिथलं मांस सडतं. म्हणून आधी सलाईन सोडून सुई नीट बसली का ते पाहायचं, मग औषध, मग पुन्हा सलाईन. हातमोजे दुहेरी. सिरिंज वेगळ्या डब्यात. गरोदर बाईने या कामात हात घालायचा नाही. दर आठवड्याला वजन, कारण मात्रा वजनावरून ठरणार, आणि जमल्यास रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजायच्या, कारण हे औषध त्याही मारतं.

त्याचा केसपेपर माझ्या हातात आला तेव्हा त्यावर दोन इंजेक्शनांची नोंद होती. तारीख एकीचीच. मात्रा लिहिली होती ती शून्य की सहा ते कळेना. कोणत्या पायाच्या शिरेत दिलं ते नव्हतंच. लिहिणारी स्वयंसेविका आपल्या देशात परत गेलेली. तिने त्या कुत्र्याला एक गोड नाव मात्र दिलं होतं, ते कागदावर मोठ्या अक्षरांत होतं आणि शेजारी बदाम काढलेला होता. सगळेच स्वयंसेवक नावं ठेवतात, मीही ठेवली. तिथले कायमचे लोक नंबरानेच बोलतात. आधी मला तो कोरडेपणा वाटायचा. ओढणीवाल्या बाईला मात्र आठवडे पाठ होते. तिने बोटांवर मोजून दाखवलं, दोन झाली, मध्ये एक आठवडा चुकला, कारण इथे सुई द्यायला कोणी नव्हतं.

मला त्या संपूर्ण मुक्कामात जे काही सुचलं ते इथे सुचलं. रस्त्यावरच्या कुत्र्याचा आजार आठवड्यांच्या, महिन्यांच्या हिशोबाने चालतो. टीव्हीटीला दीड महिना. खरजेला तेवढाच किंवा जास्त. मोडलेल्या पायाला त्याहून अधिक. स्वयंसेवक येतो तो सुट्टीच्या हिशोबाने. त्याला आल्या आल्या काहीतरी सुरू करायचं असतं आणि संपायच्या आत निघायचं असतं. म्हणून व्हिन्क्रिस्टीनचं पहिलं इंजेक्शन देणारे पुष्कळ भेटतात. पाचवं कोण देणार, हे ठरवल्याशिवाय पहिलं देऊच नये, असा नियम मी मनाशी केला. नर्सबाईंना तो सांगितला तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की यात नवीन काय.

तेव्हापासून मी अक्षर सुधारलं. वजन, मात्रा, शीर, वेळ, खाल्लं की नाही, पुढची तारीख, आणि कुत्रं कोण घेऊन येतं त्याची खूण. संध्याकाळी सगळे गच्चीवर फोटो काढायला जात तेव्हा मी केसपेपर पुन्हा उतरवत बसायची. हे काही त्याग वगैरे म्हणून सांगत नाही, मला उंचीची भीती वाटते.

एकदा काही मुलं हातगाडीवर घालून एक कुत्रा घेऊन आली. तोंड उघडं, खालचा जबडा लोंबलेला, लाळेच्या तारा, भुंकायला गेला तर घोगरा चिरका आवाज. चावणं दूरच, मान उचलायचं त्राण नाही. मुलांचं म्हणणं, घशात हाड अडकलंय. एक नवखा स्वयंसेवक टॉर्च घेऊन पुढे झाला, आणि कुत्री पकडणाऱ्या त्या माणसाने मागून त्याचं मनगट धरलं. इतकं घट्ट की टॉर्च खाली पडला. पिसाळलेलं कुत्रं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गावभर चावत सुटलेलं कुत्रं येतं. पण रेबीजचा हा दुसरा प्रकार, लुळा पाडणारा, तितकाच खरा आहे. जबड्याचे आणि घशाचे स्नायू निकामी होतात, गिळता येत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं काहीतरी अडकलंय. माणूस दयेने तोंडात हात घालतो. विषाणू लाळेतच असतो.

त्या कुत्र्याला वेगळं ठेवलं, डॉक्टरांनी तपासलं, आणि कायमचं झोपवलं. खात्री करायची तर मेंदूचा नमुनाच लागतो, जिवंतपणी भरवशाची तपासणी नाही. तो नमुना प्रयोगशाळेत गेला. ते सगळं डॉक्टरांचं काम. आमचं काम यादीचं. कोणी हातगाडी ढकलली, कोणी पाणी पाजलं, लाळ कोणाच्या हाताला लागली, हातावर ओरखडा होता का. मुलांचे हात वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायला लावले. पंधरा मिनिटं हा फार लांब वेळ असतो, मुलं तिसऱ्या मिनिटाला कंटाळतात. मग त्यांच्या घरी माणूस पाठवला. दवाखान्यात लस घ्यायला कोण गेलं, कोण नाही गेलं, त्याचा दोन दिवस पाठपुरावा. एका मुलाची आई तयार होईना, मुलाला चावा बसलेलाच नाही म्हणाली. नर्सबाई तिच्या उंबऱ्यावर बसून राहिल्या, शेवटी ती उठली. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की जवळजवळ कोणीच वाचत नाही, आणि लक्षणांआधी लस मिळाली तर जवळजवळ प्रत्येक जण वाचतो. वैद्यकात इतकी स्वच्छ रेषा क्वचितच आखलेली असते. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दर वर्षी ५९ हजारांच्या आसपास माणसं रेबीजने मरतात, त्यातली ९९ टक्के कुत्र्यांमुळे, आणि चावे बसलेल्यांत ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. नमुन्याचा निकाल आला तेव्हा यादीतल्या सगळ्यांना लस मिळालेली होती. रेबीजच होता.

या प्रसंगानंतर एकेका कुत्र्यावर जीव टाकण्याची माझी खोड गेली असं नाही, पण लसीकरणाच्या फेऱ्यांना जाताना कंटाळा यायचा तो गेला. फेरीत दिसायला काही नसतं. पहाटे निघायचं, जाळं, सुई, पुढचं कुत्रं. लस टोचली की पाठीवर रंगाचा ठिपका. दुसऱ्या दिवशी त्याच गल्ल्यांतून वही घेऊन चालायचं आणि मोजायचं, ठिपक्याची किती, बिनठिपक्याची किती. दहात सात ठिपक्याची दिसली तर तो भाग झाला. नाहीतर पुन्हा जाळं घेऊन जायचं. ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, हे गणित १९९६ साली कोलमन आणि डाय या संशोधकांनी मांडलं आणि बहुतेक ठिकाणी ते टिकलेलं आहे. मलावीतल्या ब्लँटायर शहरात २०१५ साली 'मिशन रेबीज' या संस्थेच्या पथकांनी २० दिवसांत ३५ हजारांहून जास्त कुत्र्यांना लस टोचली. भूतानने २००९ पासून नसबंदी आणि लसीकरणाचा धोशा लावून २०२३ मध्ये देशातली सगळी मोकाट कुत्री त्यात आणल्याचं जाहीर केलं. मेक्सिकोत वर्षानुवर्षं कुत्र्यांना फुकट लस दिली गेली, आणि २०१९ मध्ये कुत्र्यांमुळे होणारे रेबीजचे मृत्यू थांबवणारा पहिला देश म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

मारून टाकण्याचेही प्रयोग झालेत. १९१० साली इस्तंबूलमधली हजारो कुत्री बोटीत भरून एका निर्जन बेटावर नेऊन सोडली, तिथे ती तहानभुकेने मेली. शहरात आजही कुत्री आहेत. बालीमध्ये २००८ साली रेबीज शिरला तेव्हा आधी कुत्री मारण्याचा सपाटा लावला. त्यात लस टोचलेलीही मारली गेली, लोक आपली कुत्री लपवून दुसऱ्या गावी नेऊ लागले, आणि रोग पसरत गेला. बेटभर लसीकरण झालं तेव्हा कुठे रुग्ण घटले. हे मी कुत्री आवडतात म्हणून सांगत नाही. ज्यांना कुत्री अजिबात आवडत नाहीत, त्यांनाच खरं तर हे पटायला हवं. चावा बसलेल्या मुलाच्या आईला 'बिचारी मुकी जनावरं' हे ऐकवण्यात अर्थ नाही. तिला तिच्या गल्लीत दहातल्या किती कुत्र्यांना लस आहे हा आकडा हवा असतो, आणि तो मागायचा तिला हक्क आहे.

जाता जाता आणखी एक. जवळपास प्रत्येक स्वयंसेवकाला एखादं कुत्रं आपल्या देशात न्यावंसं वाटतं. न्या बापडे, एका जिवाचं भलं होतं. पण त्या कुत्र्याबरोबर काय काय जातं तेही बघा. रोमानियातून ब्रिटनमध्ये नेलेल्या कुत्र्यांमुळे २०२० नंतर तिथे ब्रुसेला कॅनिस या, प्रसूतीच्या स्रावांतून माणसालाही लागू शकणाऱ्या जंतूचे रुग्ण वाढले आणि दवाखान्यातल्या लोकांना प्रसूतीच्या केस हाताळताना दहा वेळा विचार करायची पाळी आली. अमेरिकेने २०२१ मध्ये रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतून येणारी कुत्री थांबवली, आणि पुढे २०२४ मध्ये नियम नव्याने कडक केले. आणि रस्त्यावर जन्मलेल्या, दिवसभर टोळीत हिंडणाऱ्या जनावराला चौथ्या मजल्यावरच्या बंद खोलीत सुखच वाटेल हे आपण कशावरून ठरवतो? त्यातली पुष्कळ कुत्री बेघर नसतातच. त्यांचं कोणीतरी असतं. कधी त्या कोणाच्या हातात फाटकी ओढणी असते.

त्या तपकिरी कुत्र्याची चार इंजेक्शनं झाली तेव्हा माझा मुक्काम संपत आला होता. रक्त थांबलं होतं, शिंका उरल्या होत्या. मी नर्सबाईंबरोबर बसून माझ्याकडचा प्रत्येक केसपेपर ओळीने वाचला, त्यांनी जिथे जिथे 'हे काय लिहिलंय' विचारलं तिथे पुन्हा लिहिलं. पाचवं इंजेक्शन त्यांनी दिलं. सहाव्याची गरज पडली नाही. हे मला पुढे त्यांनी दोन ओळींत कळवलं, आणि तिसऱ्या ओळीत विचारलं की दुहेरी हातमोज्यांचा नवीन खोका मी कुठे ठेवला आहे.

"मी जाऊ का?" असं विचारणारी मुलं-मुली अधूनमधून भेटतात. मी त्यांना उलट विचारायला लावते. स्वयंसेवक नसतात तेव्हा तिथलं काम कोण करतं? रात्री कोण असतं? सोडलेल्या कुत्र्यांची नोंद दाखवाल का? माझ्याकडून काय करून घेणार, आणि काय करू देणार नाही? या शेवटच्या प्रश्नाला ज्यांच्याकडे लांबलचक उत्तर असेल त्यांच्याकडे खुशाल जावं. आणि रेबीजची लस निघण्याआधी घ्यावी, विमानतळावर आठवून उपयोग नाही. शून्याव्या आणि सातव्या दिवशी असे दोन डोस. ती घेतली म्हणून चावा बसल्यावर निर्धास्त राहता येत नाही, जखम धुऊन आणखी दोन डोस घ्यावेच लागतात, पण इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे तयार प्रतिपिंडांची इंजेक्शनं टळतात, आणि ती ऐन वेळी परक्या देशात मिळतीलच याचा भरवसा नसतो.

मी पुढच्या वर्षी पुन्हा जायचं म्हणते आहे. या वेळी लसीकरणाच्या फेऱ्यांसाठी, वही घेऊन मोजायला. त्याआधी माझ्या रक्तातली रेबीजविरुद्धची पातळी तपासून घ्यायची आहे. ती ०.५ आययू प्रति मिलिलिटरच्या खाली आली असेल तर आणखी एक डोस लागेल.